घोड्यांसाठी केलेला खाऊ

माहुलमधील माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांना मी हमखास विचारतो, ‘‘काल काय खाल्लंत?’’ घरी आईलाही हाच प्रश्न रोज विचारत असे. तिचे वय 81, मधुमेह जुना. वडील गेल्यानंतर तिचे जेवण निम्म्यावर आले, विसराळूपणा वाढला. मी औषधे तपासली, रक्तातील साखरेच्या नोंदी ठेवल्या आणि गॅस उघडा राहील या भीतीने स्वयंपाकघर तिच्यासाठी जवळजवळ बंद केले. एका सकाळी ती म्हणाली, ‘‘मी काय खाल्लं ते रोज विचारतोस. मी कुणाला काही खाऊ घातलं का, हे कधी विचारलंस?’’

मला उत्तर सुचले नाही.

आईचे माहेर माथेरानचे. 1907 साली नेरळहून छोटी रेल्वे सुरू झाली, तरी मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर घोड्यांचे काम संपले नाही. आजोबा घोडे पाळत. संध्याकाळी परतलेल्या घोड्यांना चंदी घालणे हे लहानपणी आईचे काम. थंडीत माथेरानला जायचे ठरले, तेव्हा ती लगेच म्हणाली, ‘‘रिकाम्या हातानं जायचं नाही.’’

मी एका पशुवैद्य मित्राला विचारले. त्याने सांगितलेले ऐकून मला माझे रुग्ण आठवले. घोड्याचे शरीर मोठे, पण जठर त्या मानाने लहान. त्याला उलटी करता येत नाही; म्हणून चुकीचे किंवा अति खाणे पोटशूळ होऊन जिवावर बेतू शकते. पर्यटक प्रेमाने देतात तो पाव, मिठाई आणि चॉकलेट त्याला नको. कांदा, बटाटा आणि बुरशी लागलेले काहीही नको. गोडही बेतानेच. म्हणजे पथ्य दोघांनाही होते!

आईला मी खुर्चीवर बसवून टेबलापाशी काम दिले. एक वाटी साधे ओट्स, एक वाटी किसलेले गाजर, अर्धी वाटी गव्हाचे पीठ, एक चमचा जवसाची पूड, एक चमचा गूळ आणि लागेल तेवढे पाणी. मीठ, सोडा, दूध काही नाही. ती पीठ मळत होती, मी मापे वाचत होतो. सांधेदुखीने आखडलेली तिची बोटे अर्धा तास कुरकुर न करता चालली. छोट्या, चपट्या वड्या 170 अंशांवर साधारण अर्धा तास, पार कोरड्या होईपर्यंत भाजल्या. ओव्हन मी हाताळला. वड्या मोजून डब्यात तिने भरल्या.

दस्तुरी नाक्यावर मी आधी घोडेवाल्याची परवानगी घेतली. त्याने वड्या पाहिल्या, वास घेतला आणि म्हणाला, ‘‘एका घोड्याला दोनच द्या, आजी.’’ तोंडाच्या अगदी पुढचे घोड्याला दिसत नाही, म्हणून खाऊ तळहातावर, बोटे जुळवून धरायचा. हे मी तिला सांगण्याआधीच तिचा तळहात सपाट झाला होता. सकाळचा नाश्ता विसरणाऱ्या आईच्या हाताला सत्तर वर्षांपूर्वीचे काम आठवत होते. नंतर साबणाने हात धुऊन तिने स्वतः जेवण मागितले.

आईचा विसराळूपणा थांबला, असे मी म्हणणार नाही. पण आता आठवड्यातून दोनदा ती टेबलापाशी बसून काहीतरी करते: कधी शेजारच्या मुलांसाठी लाडू वळते, कधी माझ्यासाठी भाजी निवडते. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवते, हे मी पाहिले आहे.

आपल्या घरातील ज्येष्ठांना सुरीपासून, गॅसपासून जरूर जपावे. पण देण्याचा अधिकार त्यांच्याकडून काढून घेऊ नये. मळणे, वळणे, मोजणे, निवडणे यांपैकी त्यांना झेपेल ते एक काम त्यांच्याकडे राहू द्यावे. दवाखान्यात आता मी दुसराही प्रश्न विचारतो, ‘‘आणि काल कुणाला खाऊ घातलंत?’’ बहुतेकांचा चेहरा या प्रश्नाने खुलतो.