टेस्ट नदीवरची संध्याकाळ

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही साउथहॅम्प्टनला मामूंकडे उतरलो होतो. मामू म्हणाले, "लंडन पळून जात नाही. माशीचे मात्र हे पंधराच दिवस." आणि गाडीत घालून आम्हाला स्टॉकब्रिजला नेलं.

आम्ही खाडीकाठची माणसं. गढूळ पाणी आणि जाळं, एवढीच आमची मासेमारी. टेस्ट नदीच्या पुलावरून मात्र तळातल्या शेवाळात डोलणारे ट्राउट मोजता येत होते! हँपशायरच्या टेकड्या खडूच्या दगडाच्या. पावसाचं पाणी त्यांत मुरतं आणि गाळलेलं, गार, झऱ्यांतून नदीत येतं.

मामूंच्या डबीत गांडूळ नव्हतं, कोळंबीही नव्हती. पिसं आणि दोरा गळाला गुंडाळून केलेल्या माश्या होत्या. नक्कल मे-फ्लायची. या किड्याचं पिल्लू सुमारे दोन वर्षं नदीच्या तळाशी गाळात बीळ करून राहतं. मग पाण्यावर येऊन कात टाकतं आणि पंख उभे धरून, शिडाच्या होडीसारखं, तरंगत जातं. उडून झाडावर बसतं आणि पुन्हा एकदा कात टाकतं. पंख फुटल्यावर कात टाकणारा दुसरा किडा नाही. आता त्याला खायला धड तोंडही नसतं. थवे वर-खाली नाचतात, मीलन होतं, मादी पाण्यात अंडी सोडते आणि पंख पसरून तिथेच पडते.

ट्राउट यातली कोणतीही अवस्था खातो, पण ज्या वेळी जी मुबलक, तिच्यावरच त्याचा डोळा. यावरून इथे वादही झाले. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ साली तरंगत्या माश्यांवर पुस्तक लिहिलं. त्यांना तरंगतीच मान्य. शेजारच्या इचेन नदीवर स्क्यूज नावाचे वकील पाण्याखालच्या पिल्लाची नक्कल वापरू लागले, ते कित्येकांना बेइमानी वाटलं.

मामूंनी दुपारभर उभ्या पंखांची माशी फेकली. मासे तिच्या शेजारचं काहीतरी खात होते, तिला शिवत नव्हते. मग ते गुडघ्यावर बसले, पाण्याकडे बराच वेळ पाहिलं. "पडायला लागल्या," म्हणाले. आडव्या पंखांची माशी काढली. दोरा नाकात ओवायला आता त्यांना दिसत नाही, तो आम्ही ओवला. तिसऱ्या फेकीला काठी वाकली.

मासा हातभर, सोनेरी, लाल ठिपक्यांचा. मामूंनी गळ काढला, त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरला आणि सोडून दिला. या तुकड्यावर तसा नियमच होता.

आम्हाला राहवलं नाही. "मामू, खायचा नाही तर मग त्याला गळ का लावायचा?"

"तुझी मामीही हेच विचारते," एवढंच बोलून ते दोरा गुंडाळू लागले. परतताना गाडीत त्यांनी विषय बदलला. आम्हीही रेटला नाही, पण प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही.

मगरिबच्या आत घरी पोहोचलो. मामीने फ्रीजरमधले बांगडे सकाळीच काढून ठेवले होते.