कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या रेषा

चि. छोटीस,


तू पाठवलेला फोटो पाहिला. बाबांनी तुझ्या बॅगेत घातलेला तो पिवळा पडलेला ट्रेसिंग पेपर मी लगेच ओळखला. तू विचारलंस, "आत्या, सगळीकडे रेषा विरळ आहेत, मग एवढ्याशाच जागी पेन्सिलीने इतक्या दाट का काढल्यात?" हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

तो राजगड-तोरण्याचा नकाशा आहे. १९८४ साल. तुझे बाबा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, मी अकरावीत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट तेव्हा सहजी हाती पडत नसत. सीमेलगतच्या आणि किनारपट्टीच्या नकाशांवर तर सुरक्षेच्या कारणाने निर्बंधच होते. २००५च्या धोरणाने ते पुष्कळ सैल झाले आणि २०१७ पासून हे नकाशे घरबसल्या फुकट उतरवून घेता येतात. आमच्या ओळखीच्या भूगोलाच्या एका प्राध्यापकांकडे आम्हाला हव्या त्या दोन शीट होत्या. घरी न्यायच्या नाहीत, इथेच बसून काय ते उतरवून घ्या, अशी त्यांची अट. दोन शीट अशासाठी, की १८ अंश १५ मिनिटांच्या अक्षांशाला एक शीट संपते आणि दुसरी सुरू होते, आणि ती रेघ नेमकी या दोन गडांच्या मधून जाते. तोरणा वरच्या शीटवर, राजगड खालच्या. तुझ्या कागदावर मधोमध चिकटपट्टीचा जोड दिसतो, तो त्याचा.

नकाशा वाचायला मी त्या टेबलाशी शिकले. कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तपकिरी रेषा समोच्च रेषा. तिच्यावरून चालत गेलं तर ना चढ लागतो ना उतार. दर वीस मीटर उंचीला एक रेषा आणि पाचवी जाड. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा, लांब लांब पसरल्या की पठार. रेषेचं टोक चढाच्या दिशेने घुसलं असेल तर तिथे ओढा किंवा घळ, उताराकडे बाहेर आलं असेल तर सोंड. हे एकदा डोळ्यांत बसलं की कागद सपाट दिसतच नाही. मला आठवतं, बोट फिरवता फिरवता संजीवनी माची अचानक कागदातून वर आल्यासारखी दिसली होती.

बाबांनी मात्र वेळ वाचवायला फक्त जाड रेषा उतरवल्या. दर शंभर मीटरला एक.

सप्टेंबरात निघालो. राजगडाच्या अळू दरवाजातून उतरून धारेला लागलो. सरळ रेषेत तोरणा जेमतेम सात किलोमीटर, चालायला जवळजवळ दुप्पट. ही धार म्हणजे पाणी वाटणारी भिंत आहे: उजवीकडचा पाऊस कानंद नदीला जातो, डावीकडचा वेळवंडीला, म्हणजे भाटघर धरणाला. खिंड ओलांडली आणि धुकं आलं. दहा पावलांवरचं दिसेना. एका उंचवट्यावर वाट फुटली. समोरची चांगली रुंद, मळलेली. उजवीकडची गवतात बुडालेली. नकाशावर त्या जागी काहीच नव्हतं, कोरा कागद. आम्ही रुंद वाट धरली.

अर्धा तास उतरलो असू. मग वारा आला, धुक्याला भोक पडलं आणि खाली भाटघरचं पाणी दिसलं, थेट समोर. बाबा जागच्या जागी थांबले. "पाणी डावीकडे पाहिजे," म्हणाले. होकायंत्र काढलं. जायचं होतं पश्चिमेला, जरा उत्तरेकडे झुकून. आम्ही चाललो होतो दक्षिणेला.

परत वर आलो तोवर अंधारून आलं. रात्री एका धनगराच्या घरी आसरा मिळाला. तिथल्या आजींनी सांगितलं, ती रुंद वाट गुरांची, पाण्यावर उतरायची. तोरण्याला जायचं तर उंचवट्यावरून उजवीकडे खाली दुसऱ्या एका खिंडीत उतरायचं आणि पुन्हा चढायचं. ही खिंड फार खोल नव्हती, पन्नासेक मीटर असेल. दोन जाड रेषांच्या मधे ती अख्खी बुडाली होती! मूळ शीटवर ती होती, आम्ही उतरवलेल्या कागदावर नव्हती.

दुसऱ्या दिवशी तोरणा झाला. पुढच्या रविवारी बाबा एकटेच प्राध्यापकांकडे गेले आणि तेवढ्या जागेच्या सगळ्या बारीक रेषा पेन्सिलीने भरून आले. त्याच तुला दिसतात.

तू स्कॉटलंडातल्या शिहॅलियन डोंगरावर जाणार म्हणतेस, म्हणून आणखी एक. १७७४ साली नेव्हिल मॅस्केलिन यांनी त्याच डोंगराशेजारी ओळंबा धरून डोंगर त्याला किती ओढतो ते मोजलं, पृथ्वीची घनता काढण्यासाठी. त्याकरता डोंगराचं आकारमान हवं होतं. गणितज्ञ चार्ल्स हटन यांच्यापुढे उंचीच्या आकड्यांचा ढीग होता. त्यांनी सारख्या उंचीचे बिंदू रेषेने जोडले आणि डोंगराचा आकार दिसू लागला. समोच्च रेषांचा हा अगदी सुरुवातीचा वापर. ज्या रेषांनी आम्हाला चुकवलं आणि परत आणलं, त्या तिथे तुझ्या पायाखाली असतील.

तिकडचा ऑर्डनन्स सर्व्हेचा छापील नकाशा घेच. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते. शिवाय फोन तुला तू कुठे आहेस ते आयतं सांगतो. कागदावर ते तुला ओळखावं लागतं, म्हणून तू आजूबाजूला बघतेस. नकाशा घडी घालून हातात धर, समोरच्या डोंगरांशी जुळेल असा फिरव, अक्षरं उलटी झाली तरी चालतील. अंगठा आपल्या जागेवर ठेव आणि चालशील तसा सरकव. वेळेचा अंदाज स्कॉटलंडच्याच विल्यम नेस्मिथ यांच्या १८९२च्या हिशोबाने धर: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक. वाट फुटेल तिथे आधी थांब, पाणी कुठल्या हाताला हवं ते स्वतःला विचार, मग पाऊल टाक.

ट्रेसिंग पेपरची घडी जोडावर घालू नकोस, चिकटपट्टी सुटेल. बाबांना मी सांगितलंय तू विचारलंस म्हणून. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी माळ्यावरून होकायंत्र काढून पुसत बसले होते. पुढच्या पार्सलात येईल.

तुझी,
आत्या