चौथा क्रमांक

पोळ्यानंतर सौंसर व पांढुर्णा येथील मुलांचा फुटबॉलचा सामना झाला. सौंसरच्या एका मुलाने दोन गोल केले, तरी संघ हरला. घरी बापाने टोमणा मारला, तेव्हा मुलगा न जेवताच आमच्याकडे आला. "फादर, माझ्या गोलांचा उपयोग काय झाला?"

आम्ही त्यास नेव्हिल डिसोझांविषयी सांगितले. हे मूळ गोमंतकीय. मुंबईत कालटेक्सच्या संघातून खेळत. मेलबर्नचे लोक लंबगोल चेंडूच्या आपल्या निराळ्या फुटबॉलचे वेडे. त्याच नगरात १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये डिसोझांनी यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले व भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिकच्या एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियावर पहिला गोलही त्यांचाच. परंतु भारत ४-१ असा हरला. पुढे बल्गेरियानेही हरविले आणि चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. पदक नाही. १९८० साली डिसोझा वारले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्या चौथ्या क्रमांकापुढे भारत अद्याप गेलेला नाही.

मुलगा आमच्याबरोबर जेवला.

आईबापहो, मुलांस जिंकावयास अवश्य शिकवा. परंतु हरल्या दिवशी त्यांनी केलेले श्रम मोजावयास विसरू नका.