दौंडचा विसर्ग

आमच्याकडे पावसाळ्यात पाऊस कमी आणि वारा जास्त. इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. ११७ टीएमसीचं उजनी भरतं ते वर घाटात कोसळलेल्या पाण्यावर. त्यामुळे जुलैमध्ये इथला माणूस आभाळाकडे कमी आणि व्हॉट्सॲपकडे जास्त बघतो. दौंडला विसर्ग किती क्युसेक? उसाचं गणित त्या आकड्यावर, आणि अण्णांच्या गळाचंही. पाणी चढायला लागलं की उन्हाळाभर उघड्या पडलेल्या काठावर पसरतं, गवत बुडतं, गांडुळं-किडे बाहेर येतात आणि मासा त्यांच्यामागे पार गुडघाभर पाण्यात येतो. (यात मुळा-मुठेचं पाणीही असतं. म्हणजे पुण्यातल्या माझ्या फ्लॅटचं सांडपाणी माझ्याच गावाला येतं. यावर फार विचार न करता मी मासे खाते.)

गेल्या वर्षी अण्णांना झटका आला. उजवा पाय बराचसा परत आला, हात नाही. बोटं वळतात, पण त्यांना काही कळत नाही. गरम कप धरला तरी नाही. दाबायला दिलेला चेंडू खाटेखाली पडलाय. पुण्याला चला, तिथं रोज फिजिओ करू, म्हटलं की ते "बघू" म्हणतात.

त्या शनिवारी वारा इतका होता की भेंडाचा तुकडा लाटांवर नुसता नाचत होता. मासा ओढतोय की वारा, कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, पलीकडं आडोशाला बसू. अण्णा म्हणाले, "लाट फुटती तिथंच मासा येतो. गढूळ होतं, खायला मिळतं त्याला." भेंड काढून टाकलं, शिसं बांधलं, दोर तळाला सोडला. आता डोळ्यांचा उपयोग नाही, सगळं बोटावर. चिलापी आधी दोनदा हलकं टिचकावते, मग आडवी ओढते. त्या दोन टिचक्या बोटाला कळाल्या पाहिजेत.

चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी दोर उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून घेतला.

दोनदा गळ रिकामा आला. दोर ताणलेला मला दिसत होता, पण मी बोलले नाही. बोलले असते तर ते उठून घरी गेले असते. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच दोर डाव्या हातात घेतला. डाव्यानं झटका द्यायचा आणि ओढलेला दोर उजव्या मनगटाला गुंडाळत जायचा, अशी काहीतरी पद्धत त्यांनी तिथल्या तिथं बसवली. बघायला भयंकर होती. चालली.

चिलापी मूळची आफ्रिकेची, आपल्याकडं १९५२ मध्ये आणली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं वाचतात आणि ती वाढतच जाते. आमच्या जुन्या माशांना तिनं हटवलं म्हणून जाणती माणसं तिला शिव्या घालतात, आणि भिगवणच्या खानावळीत तिच्याच थाळीला नंबर लावतात. तिच्या पाठीवर काट्यांची रांग असते. मासा धरताना ते काटे मागे दाबून घ्यायचे, नाहीतर हात फुटतो.

पहिला मासा तळहाताएवढा. अण्णांनी तो उजव्या हातात धरला, डाव्यानं गळ काढायला. मासा उसळला, काटा अंगठ्याखाली घुसला.

"टोचलं," अण्णा म्हणाले.

खरंच टोचलं, की रक्त दिसलं म्हणून म्हणाले, मला सांगता येणार नाही. मी विचारलं, कळलं का तुम्हाला? ते हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "गांडूळ दे."

दुपारपर्यंत चार मासे झाले. पाऊस आडवा मारायला लागला तेव्हा मी छत्री उघडली, ती लगेच उलटी झाली. अण्णांनी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीतूनच डाव्या अंगठ्यानं चाळला. दौंडचा विसर्ग वाढला होता.

"उद्या पाणी त्या बांधाला लागतंय. परवा अजून वर. तू मंगळवारी जा."

सोमवारी साडेनऊला माझी मीटिंग होती. त्या बांधावर जाऊन मी रेंज बघितली. दोन काड्या येत होत्या.