साडेतीन हात जागेचा हक्क

सार्वजनिक दफनभूमीतील जागेवर कोणाचीही मालकी नसते आणि तरीही त्या जागेवर गावातील प्रत्येकाचा हक्क असतो, हे वरवर विसंगत वाटणारे तत्त्व नीट समजून घेतल्याशिवाय गावोगावच्या दफनभूमीच्या तंट्यांचा उलगडा होत नाही. मालकी म्हणजे जमीन विकण्याचा, गहाण ठेवण्याचा, वारसांना देण्याचा आणि इतरांना तिच्यात येऊ न देण्याचा अधिकार. यातला एकही अधिकार मृताच्या कुटुंबाकडे येत नाही. कुटुंबाला मिळतो तो आपल्या माणसाला माती देण्याचा आणि दिलेली माती पुन्हा कोणी उकरणार नाही अशी हमी मागण्याचा हक्क. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील एका धानउत्पादक गावात दफनभूमीच्या वाटेचा वाद, तिची मोजणी आणि तिच्यासाठी ग्रामसभेने केलेले नियम या साऱ्या कामांत प्रस्तुत लेखकाचा आरंभापासून सहभाग होता, आणि पुढील विवेचन त्याच अनुभवावर आधारलेले आहे.

भंडारा जिल्ह्यात दहनाची रूढी मोठी असली, तरी दफन करणारे समाजही थोडे नाहीत. गोंड कुटुंबांत दफनाची परंपरा जुनी आहे, आणि प्रस्तुत लेखकाचे घर त्यांपैकीच एक आहे. महानुभाव पंथात देह जमिनीत ठेवण्याच्या विधीला निक्षेप म्हणतात, आणि या पंथाचा जिल्ह्याशी संबंध चक्रधरस्वामींचे शिष्य नीळभट्ट भांडारेकार यांच्यापर्यंत मागे जातो. लिंगायत व गोसावी समाजांत दफन होते, मुसलमान व ख्रिस्ती समाजांची स्वतंत्र कब्रस्ताने असतात, आणि तान्ही मुले दगावली तर दहन करणारी घरेही त्यांना पुरतात. या सर्वांसाठी गावाने पूर्वीपासून राखलेली जागा बहुधा बरडी असते. बरडी म्हणजे उंचवट्यावरची, मुरमाड, धानाला न मानवणारी जमीन. काळ्या कन्हारीत पावसाळ्यात खड्डा खणला तर तो पाण्याने भरतो, बरडीत मात्र पाणी ठरत नाही. त्यामुळे ही निवड केवळ काटकसरीची नव्हती, तिच्यात जाणतेपणाही होता.

या हक्काचा कागदोपत्री माग काढायचा तर मालगुजारीपर्यंत मागे जावे लागते. मालगुजार म्हणजे मध्य प्रांतात गावाचा सारा सरकारजमा करण्याची जबाबदारी घेतलेला आणि गावच्या पडीक जमिनी, तलाव व झुडपे यांवर मालकी असलेला जमीनदार. गुरे चारण्याची, सरपण आणण्याची आणि मृतांना पुरण्याची जागा त्याच्या नावावर असली, तरी ती वापरण्याची गावाची वहिवाट चालत आलेली होती, आणि या वहिवाटीलाच निस्तार म्हणतात. मालकी हक्क नष्ट करणारा मध्य प्रदेशचा १९५० चा अधिनियम ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला, तेव्हा मामा तलावांप्रमाणेच, म्हणजे माजी मालगुजारी तलावांप्रमाणेच, या जागाही शासनाकडे आल्या. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भापुरत्या खास तरतुदी ठेवण्यात आल्या. कलम १६१ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने गावकऱ्यांची इच्छा जाणून घेऊन गावाचे निस्तार पत्रक तयार करायचे असते, ज्यात गावच्या सामाईक वापराच्या जमिनी आणि त्या वापरण्याच्या अटी येतात. तर कलम १६५ प्रमाणे होणाऱ्या वाजिब-उल-अर्ज या नोंदीत खाजगी जमिनीतून जाणारी वाट, पाणी घेण्याचा रिवाज आणि मासेमारी यांसंबंधीच्या चालीरीती लिहिल्या जातात. कलम २२ नुसार दहन वा दफनासाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही, आणि तिची देखभाल ग्रामपंचायतीच्या कर्तव्यांत मोडते. जमीन शासनाची, देखभाल ग्रामपंचायतीची आणि वापर गावाचा, अशी ही तिहेरी व्यवस्था आहे. आणि तिघांपैकी कोणीच लक्ष दिले नाही, तर चौथाच कोणीतरी ती जागा वाहितीखाली आणतो.

उपरोक्त गावात नेमके हेच घडत होते. दफनभूमीला लागून असलेल्या शेताचा धुरा, म्हणजे शेताची हद्द दाखवणारा बांध, दर हंगामाला नांगराच्या एखाद्या तासाने पुढे सरकत होता. कोणत्याही एका वर्षी तो डोळ्यांत भरत नव्हता, पण एका पिढीच्या काळात अनेक जुन्या कबरींपर्यंत येऊन पोहोचला होता. त्यातच दफनभूमीकडे जाणारी वाट ज्या दुसऱ्या शेताच्या कडेने जात असे ते शेत विकले गेले, आणि खरेदीदाराने आपल्या सातबाऱ्यावर वाटेचा उल्लेख नाही हे पाहून तिथे तारेचे कुंपण घातले. त्या पावसाळ्यात गावात झालेली एक मयत रोवणी झालेल्या बांधीतून न्यावी लागली. तिरडीचे खांदेकरी गुडघाभर चिखलात पाय रोवत चालले होते, मागच्यांनी पुढच्यांच्या कमरेला धरून तोल सांभाळला, आणि मृताचा वयोवृद्ध भाऊ धुऱ्यावर बसून राहिला, कारण त्या चिखलातून पुढे जाणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. सख्ख्या भावाला मूठभर माती देता आली नाही, ही गोष्ट गावाला लागली, आणि त्यानंतर हा विषय ग्रामसभेपुढे आला.

वाटेचा प्रश्न सुटला तो वाजिब-उल-अर्जमुळे. अभिलेख कक्षातून मिळवलेल्या प्रतीत बैलबंडी जाईल एवढ्या वाटेची वहिवाट त्या शेताच्या कडेने स्पष्ट नोंदलेली होती. सातबारा हा जमीन कोणाच्या ताब्यात आहे व तिच्यात काय पिकते हे सांगतो. त्या जमिनीवर गावाचा कोणता वहिवाटीचा हक्क आहे हे सर्वच वेळा त्याच्यावर उमटत नाही, आणि खरेदीपूर्वी केवळ सातबारा पाहणाऱ्याची फसगत होते ती इथेच. महसूल अधिकाऱ्यांपुढे ही प्रत ठेवल्यावर खरेदीदाराने कुंपण मागे घेतले. नोंद नसती तर जुन्या माणसांच्या साक्षींवर विसंबावे लागले असते, आणि अशी माणसे दरवर्षी कमी होत असतात.

हद्दीसाठी ग्रामपंचायतीने शासकीय मोजणी मागितली. मोजणीच्या दिवशी भूमापकाचे यंत्र आणि गावातील म्हाताऱ्या बाया यांचे काम जणू एकमेकांना पूरक ठरले. यंत्र रेषा दाखवीत होते, आणि त्या रेषेच्या कोणत्या बाजूला कोण निजले आहे हे बाया सांगत होत्या: मोहाच्या झाडापासून उगवतीला बाळंतपणात गेलेली सून, तिच्या पायथ्याशी तिचे मूल, आणि त्यापलीकडे पटकीच्या वर्षी गेलेले दोघे. तान्ह्या मुलांच्या जागा इतर कबरींपेक्षा सहज ओळखू येत होत्या, कारण कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून त्यांच्यावर मोठे दगड रचून बाभळीच्या काट्या दाबून ठेवण्याची रीत आहे. हद्दीचा मूळ दगड पळसाच्या बुंध्याशी मातीखाली सापडला, आणि तिथून रेषा ओढल्यावर तीन कबरी नांगरटीच्या आत गेलेल्या दिसल्या. त्यांपैकी एक प्रस्तुत लेखकाच्या आजीची होती. धुरा सरकवणारा शेतकरी तिथेच उभा होता. तो धुरा त्याला वडिलांकडून जसा मिळाला तसाच तो मानत आला होता. म्हाताऱ्या बायांचे बोलणे संपल्यावर त्याने स्वतः सब्बल घेऊन नव्या जागी हद्दीचा दगड रोवला, ही गोष्ट नमूद करणे न्यायाचे आहे.

बाहेरची हद्द ठरल्यावर आतल्या जागेचा प्रश्न उभा राहिला, आणि तो अधिक नाजूक होता. एका सधन कुटुंबाने वडिलांच्या कबरीवर फरशीचा ओटा बांधून त्याभोवती आणखी चारपाच जणांची जागा जाळीने बंद केली होती. घरातील माणसे पुढेमागे एकत्र निजावीत, ही त्यांची भावना होती. ही भावना खरी असली तरी ती मान्य केल्यास ज्याच्याकडे विटा-सिमेंटला पैसे आहेत त्याला जागा आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला उरलेला कोपरा, असा न्याय होतो. बरीच चर्चा होऊन ग्रामसभेने ओटा राहू दिला आणि जाळी काढायला लावली. त्याच ठरावाने पुढील नियम केले: जागा आगाऊ राखून ठेवता येणार नाही व तिचे पैसे घेता येणार नाहीत, दफन रांगेने होईल, मात्र शेजारची जागा मोकळी असल्यास जवळच्या नातेवाइकाला ती देता येईल, कबरीवर पक्के बांधकाम न करता नावाचा एक दगड लावता येईल, जुनी रांग पुन्हा वापरण्याची वेळ आली तर संबंधित घरांना आधी विचारले जाईल, आणि गरीब कुटुंबाच्या खड्ड्याची मजुरी ग्रामपंचायत देईल. याखेरीज दफन नोंदवही ठेवण्याचे ठरले, जिच्यात नाव, तारीख, रांग आणि रांगेतील क्रमांक लिहिला जातो. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे मृत्यूची माहिती २१ दिवसांत द्यायची असते. परंतु त्या नोंदीत माणूस कोठे पुरला हे कळत नाही, आणि ती उणीव ही वही भरून काढते.

ठरावात आणखी दोन गोष्टी आवर्जून घातल्या गेल्या. पहिली अशी की, दफन झाल्यावर खड्डा पुन्हा उघडणे हा कुटुंबाचा वा ग्रामपंचायतीचा अधिकार नाही; मृत्यूच्या कारणाचा तपास करण्यासाठी दंडाधिकारी तसा आदेश देऊ शकतो, आणि ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. दुसरी अशी की, सार्वजनिक दफनभूमीत जातीच्या कारणाने कोणालाही अडवता येणार नाही. अस्पृश्यतेच्या कारणाने असे अडवणे नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ नुसार गुन्हा आहे, तरीही समाजासमाजाच्या वेगळ्या दफनभूमी आजही गावोगाव दिसतात. ज्या गावात माणसे एका नळावर पाणी भरतात, त्या गावाने मातीतही भेद ठेवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

मालकी नसलेल्या हक्काची सर्वांत कठोर परीक्षा याच तालुक्याने पाहिली. वैनगंगेवरील गोसेखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, आणि पुढील दशकांत बुडित क्षेत्रातील गावे नव्या गावठाणांत गेली. पुनर्वसित गावाला द्यावयाच्या नागरी सुविधांत दहन-दफनभूमीचा समावेश आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु जुन्या दफनभूमीचे काय, या प्रश्नाला उत्तर नव्हते. शेत, घर, विहीर, झाड या प्रत्येकाला मालक होता म्हणून प्रत्येकाचा मोबदला निघाला. कबरीला मालक नसल्यामुळे तिच्या नावाने मागणी करणाराही कोणी ठरला नाही. प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील बुडित गावच्या एका कुटुंबाने निघण्यापूर्वी तिथल्या प्रत्येक कबरीवर दिवा लावला आणि कोणाची कबर कुठे होती याचा नकाशा वहीच्या पानावर काढून सोबत घेतला. त्या पानाला कायद्याची किंमत काहीच नाही. पण त्या घरातील मुलांना आपले पूर्वज कोण हे सांगणारा तेवढाच कागद आहे.

हा प्रश्न एका जिल्ह्यापुरता नाही, हे न्यायालयांच्या निकालांवरून दिसते. करोनाच्या साथीत वांद्रे येथील कब्रस्तानांत दफन करण्यास विरोध झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये सन्मानाने दफन होणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. शेजारच्या छत्तीसगडमधील बस्तर भागात एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाला गावातच पुरू देण्यावरून वाद झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत त्यावर मतभेद झाले. अखेर दूरच्या दुसऱ्या गावातील ख्रिस्ती दफनभूमीत तो विधी करावा लागला, आणि तोवर मृतदेह कित्येक दिवस शवागारात पडून होता. न्यायालय हक्क मान्य करू शकते; पण घरात मयत पडलेली असताना न्यायालयाची पायरी चढावी लागणे हाच त्या कुटुंबावरील अन्याय असतो, आणि तो टाळण्याचे काम गावाने आधीच करून ठेवायचे असते.

ते काम फार खर्चाचे नाही. निस्तार पत्रकाची व वाजिब-उल-अर्जची प्रत, मोजणीचा नकाशा, ग्रामसभेचा ठराव आणि दफन नोंदवही एवढे दस्तऐवज ग्रामपंचायतीच्या कपाटात असले म्हणजे वाद निर्माण होण्याआधीच त्यांचे उत्तर तयार असते. उपरोक्त गावात दरवर्षी १ मेच्या ग्रामसभेत, म्हणजे पावसाळा लागण्यापूर्वी, नोंदवही मोठ्याने वाचली जाते आणि हद्दीचे दगड जागेवर आहेत की नाहीत ते पाहिले जाते. जमिनीच्या इतर सर्व हक्कांसाठी हक्कदार स्वतः भांडू शकतो. या एकाच हक्काचा धनी तो वापरण्याच्या वेळी बोलू शकत नाही, आणि म्हणूनच तो लिहून ठेवण्याची जबाबदारी जिवंतांवर येते.