फायलीच्या पाठीवरचे टिपण

जुन्या फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने ‘डावीकडून तिसरी माईआत्या’ असे लिहिलेले असते ना, तशी सोय लिनक्सने फायलींनाही केली आहे. आमच्या घरातल्या फोटोंची नावे मी तिथेच लिहिली.

ती सी भाषेतून वाचायची म्हणजे मात्र पंगत मांडणे. ‘गेटएक्सअ‍ॅटर’ला आधी शून्य मापाचे भांडे दाखवून विचारायचे, “मजकूर किती?” ते आकडा सांगते. मग तेवढी जागा मांडून पुन्हा हाक मारायची. मधल्या वेळात मजकूर वाढला, म्हणजे दोन पाव्हणे जास्त आले, की ‘ईरेंज’ म्हणून पंगतच उठते. पुन्हा मोजा! टिपणाचे नावही नुसते ‘माई’ चालत नाही. सरकारी अर्जासारखे आधी ‘यूजर’ आणि टिंब.

एवढे सोसले, तरी साध्या ‘सीपी’ने नक्कल काढली की फोटो जसाच्या तसा आणि पाठ कोरी! तक्रार कुणाचीच नाही. ‘प्रिझर्व्ह एक्सअ‍ॅटर’ असे बजावले तरच टिपण सोबत जाते. म्हणून मी दरवेळी बजावतो. कारण डावीकडून तिसरी कोण, हे सांगणारा घरात आता मीच उरलोय. आणि माझी नक्कल काढायची सोय ‘सीपी’त नाही.