रस्ता पायांनीं मोजावा

पनवेलजवळ पळस्पे नांवाचें गांव आहे. मुंबईहून पुण्यास जाणारा जुना महामार्ग व कोंकणांतून गोव्याकडे जाणारा महामार्ग हे येथें परस्परांपासून वेगळे होतात. त्यामुळें ज्यांनीं पळस्पे गांव पाहिलें नाहीं, त्यांसहि पळस्पे फाटा ठाऊक असतो. गणेशचतुर्थीस घरीं निघालेल्या चाकरमान्यांस तर फाटा आला म्हणजे कोंकणाचें वारें लागल्यासारखें वाटतें. परंतु आपण ज्या रस्त्यानें भरधाव जातों, तो कोणाच्या तरी घराच्या दारावरून जात असतो, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

एका पावसाळ्यांत शिरढोण येथें आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके ह्यांचें जन्मस्थान पाहून आम्ही एका स्नेह्यांच्या मोटारींतून परतत होतों. त्या थोर पुरुषाच्या त्यागानें मन भारून गेलें होतें. पळस्पे जवळ आलें, तोंच डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक वृद्धा रस्त्यावर उतरली. स्नेह्यांनीं करकचून ब्रेक दाबला व मोटार तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. आम्ही कांच खालीं करून रागानें ओरडलों, "आजी, डोळे आहेत कीं नाहींत?"

ती शांतपणें म्हणाली, "आहेत रे लेकरा. घर तें काय समोर दिसतें आहे. पण केव्हांची उभी आहें, जातां मात्र येत नाहीं."

इतकें बोलून ती निघून गेली. देशासाठीं सर्वस्व वाहणाऱ्या पुरुषास वंदन करून अर्धा तासहि लोटला नव्हता, आणि एका म्हातारीस आम्ही एक मिनिट देण्यास तयार नव्हतों!

तें बोलणें मनांतून जाईना. पुढें एके दिवशीं आम्ही मुद्दाम पायीं जाऊन त्याच जागीं उभे राहिलों व शाळेंत शिकलेलें गणित मांडून पाहिलें. महामार्गाची एक मार्गिका साडेतीन मीटर रुंद धरली, तर चार मार्गिकांचे १४ मीटर होतात. साधारण चालीचा मनुष्य सेकंदास १.२ मीटर चालतो. म्हणजे त्यास पलीकडे जाण्यास सुमारें १२ सेकंद लागतात. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्या वेळांत २०० मीटर अंतर तोडते. पाटीच्या ओझ्यानें वांकलेल्या वृद्धेस तर याहूनहि अधिक वेळ लागणार. जिच्या डोळ्यांस आम्हीं दोष दिला, तिला भर पावसांत दोनशें मीटरांपलीकडची मोटार ओळखावी लागत होती!

ह्याच गणितांत उपायहि आहे. रस्त्याच्या मध्यें थांबण्यास सुरक्षित जागा असली, तर एका वेळीं सातच मीटर चालावे लागतात व २०० मीटरांचे १०० होतात. वस्तीजवळ मोटारीचा वेग ताशीं ३० किलोमीटर केला, तर १०० चे ५० होतात. शिवाय वेग निम्मा झाला म्हणजे आघाताची शक्ति एकचतुर्थांश उरते.

इंग्लंडांत १९५१ सालीं पादचाऱ्यांसाठीं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे मार्ग आंखण्यास आरंभ झाला; पुढें ते जगभर पसरले. परंतु पट्टे म्हणजे कांहीं भिंत नव्हे. मोटार हांकणाऱ्यानें ते मानले, तरच त्यांचा उपयोग. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं असें सांगितलें कीं, पादचाऱ्यांस अडथळ्यावांचून पदपथ मिळणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. पायीं चालणारा कोणाकडे भीक मागत नाहीं, हें ह्यावरून स्पष्ट व्हावें.

आमच्या बालमित्रांनीं इतकें ध्यानांत ठेवावें: जेथें पदपथ नाहीं, तेथें उजव्या कडेनें, समोरून येणारीं वाहनें दिसतील असें चालावें, उभ्या असलेल्या बसच्या पुढून एकदम धांवूं नये, तिन्हीसांजेस फिक्या रंगाचे कपडे घालावे. आणि पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलांस हा उपदेश करण्यापूर्वीं त्यांनीं स्वतःच्या वाहनाचा वेग पाहावा. मूल मागच्या बैठकीवर बसून आपल्यापासूनच शिकत असतें.

ती आजी आम्हांस पुन्हा भेटली नाहीं. तिची क्षमा मागावयाची राहूनच गेली. हल्लीं फाटा जवळ आला कीं, आम्ही सांगण्यापूर्वींच आमचे स्नेही मोटारीचा वेग कमी करतात, आणि आम्ही दोघेहि रस्त्याच्या कडेला कोणी उभें आहे काय, हें पाहूं लागतों.